नऊ वाजून चार मिनिटांचा ‘हो’

कृष्णात,

माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे नाही. हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि ती आत्ता माझ्यासमोर खुंटीला लटकते आहे. मग शमिकेने विचारल्यावर ‘आहे, माझ्या टेबलाच्या खणात आहे’ असं तू का सांगितलंस? अगदी खणापर्यंतचा तपशील दिलास. थाप मारणारा माणूस ‘आहे’ म्हणून मोकळा होतो, खण सांगत बसत नाही. म्हणून विचारते. फेब्रुवारीत बुधवार ते रविवार किल्ली तुझ्याकडे होती. तेवढ्यात तू नक्कल करून घेतलीस का? घेतली असशील तर मला न सांगता का? आणि नसशील घेतली, तर शमिकेशी खोटं का बोललास? दोन्हीपैकी जे खरं असेल ते लिही. फोन करू नकोस. फोनवर तू ‘बघतो की अक्का’ म्हणतोस आणि विषय बदलतोस.

देवनहळ्ळीला पाणी रोज येतं का? आईला आणलंस का?

हेमलता साठ्ये

हे पत्र हेमलताबाईंनी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लिहिलं, पाकिटात घातलं, पण पाकीट चिकटवलं नाही. आधी एका ठिकाणी जाऊन खात्री करून घ्यायची होती. बेंगळुरूच्या एका सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी चौतीस वर्षं रसायनांची मापं घेतली होती, आणि खात्री केल्याशिवाय काही बोलायचं नाही हे त्या तिथे शिकल्या होत्या. माणसांच्या बाबतीत मात्र त्या आधी बोलायच्या आणि खात्री मागाहून करायच्या. कृष्णातच्या बाबतीत तेच झालं.

कृष्णात मगदूम हेब्बाळला हेमलताबाईंच्या चार मजली इमारतीत गच्चीलगतच्या खोलीत राहायला आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. निपाणीजवळच्या खेड्यातला. चिकोडीला डिप्लोमा केला, मग सहा वर्षं मारतहळ्ळीला एका खोलीत चौघं राहून नोकऱ्या बदलल्या, आणि आता हेब्बाळच्या एका छोट्या कंपनीत स्थिरावला होता. मराठी बोलताना ‘बरं’ऐवजी मध्येच ‘सरी’ म्हणायचा, फोनवर आईशी बोलताना अर्धं वाक्य कन्नडात टाकायचा, आणि हेमलताबाईंना पहिल्याच दिवशी ‘अक्का’ म्हणाला. त्यांचं वय शहात्तर. ‘आजी’ म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे झापलं असतं. ‘अक्का’ला झापता येईना, म्हणून याला आपल्याकडून काय हवं आहे, असा संशय त्यांना तेव्हाच आला.

संशयाला दुसरंही कारण होतं. हा माणूस आठवड्यातून दोनदाच ऑफिसला जायचा. बाकीचे दिवस पाण्याच्या टाकीच्या सावलीत स्टूल टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचा. वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या की हेमलताबाई त्याच्या पडद्याकडे बघायच्या. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी. एक दिवस त्यांनी सरळ विचारलं, तू करतोस काय?

तो म्हणाला, छोटी छोटी फंक्शन लिहितो. एकेक फंक्शन म्हणजे एकेक काम. लिहून झालं की क्लाउडवर पाठवून देतो. त्याला सर्व्हर लागत नाही.

“सर्व्हर लागत नाही म्हणजे? मग चालतं कुठे, हवेत?”

“चालतं कुणाच्या तरी यंत्रावर, अक्का. आपल्या नाही, एवढंच.”

“म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिजवायचं आणि माझ्याकडे चूल नाही म्हणून सांगत फिरायचं.”

कृष्णात हसला. मग त्याने नीट समजावलं. हे लॉजसारखं असतं. गिऱ्हाईक आलं की मालक एक खोली उघडून देतो, आपलं फंक्शन त्या खोलीत जाऊन काम करतं, काम झालं की खोली बंद. गिऱ्हाईक नाही तेव्हा खोलीही नाही.

“आणि खोली झाडतं कोण?” हेमलताबाईंनी विचारलं.

“दर वेळी नवी खोली. झाडायचा प्रश्नच नाही.”

हे त्यांना पटलं नाही. न झाडता स्वच्छ असलेली खोली त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्यांना एकच गोष्ट आवडली. बाकीचे लोक हे काम करायला मोठमोठी अवजारं वापरतात, कृष्णात मात्र ‘मेक’ नावाचं पन्नासएक वर्षांपूर्वीचं साधं अवजार वापरायचा. एका फाईलमध्ये आठ-दहा ओळी लिहून ठेवलेल्या. तो फक्त एक शब्द टाइप करायचा, की गाठोडं बांधलं जायचं, क्लाउडवर पोचायचं, आणि बरोबर चालतं का ते पाहायला फंक्शनला एकदा हाक मारली जायची, म्हणजे ते एकदा चालवलं जायचं. तिन्ही कामं एका दमात. पन्नास वर्षं टिकलेल्या अवजाराबद्दल हेमलताबाईंना आदर वाटला. ते वापरणाऱ्याबद्दलचं मत त्यांनी राखून ठेवलं.

कृष्णातची आई, यल्लव्वा, गावी एकटी राहते. वडील गेले, बहिणी सासरी. यल्लव्वा बेंगळुरूला यायला तयार नाही, कारण म्हशी आहेत. म्हणून कृष्णातने तिच्यासाठी एक फंक्शन लिहिलं होतं. रोज पहाटे धार काढून झाली की ती एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायची. सातपर्यंत मिस्ड कॉल आला नाही तर कृष्णातच्या फोनवर निरोप यायचा, आणि तो शेजारच्या घरी फोन करून माणूस पाठवायचा. दोन वर्षांत निरोप तीनदा आला, तिन्ही वेळा फोनचं चार्जिंग संपलं होतं. हे ऐकून हेमलताबाई म्हणाल्या, बरं आहे. त्यांच्या तोंडून ‘बरं आहे’ हे प्रशस्तिपत्रच होतं, पण ते कृष्णातला कळायला वेळ लागला.

डिसेंबरात हेमलताबाई न्हाणीघरात घसरल्या. मनगट दुखावलं, बाकी काही नाही. पण उठून दारापर्यंत यायला वीस मिनिटं लागली, आणि ती वीस मिनिटं त्यांनी चुकून मुलीला सांगितली. शमिका पुण्याहून दुसऱ्या दिवशी हजर. आई, पुण्याला चल, खोली तयार आहे, एवढं एकच तिने चार दिवस लावून धरलं. हेमलताबाईंना पुण्यात काही वाईट दिसत नव्हतं. पण तिकडे गेलं की आपण कुणाच्या तरी घरातली म्हातारी होतो, इथे आपण साठ्येबाई आहोत, एवढं त्यांना स्वच्छ कळत होतं. तलावाकडे सकाळी फिरायला जायचं, भाजीवाल्याशी कन्नडात हुज्जत घालायची, आणि दार आपल्या हाताने लावायचं. हे त्यांना सोडायचं नव्हतं.

अखेर तह झाला. दोन अटी. पहिली, आईने रोज सकाळी नऊच्या आत ठीक असल्याचं कळवायचं. दुसरी, घराची एक जादा किल्ली इमारतीतल्या भरवशाच्या माणसाकडे द्यायची. दोन्हीपैकी एक जरी मोडली तरी पाडव्याला मी येणार आणि तुला घेऊनच जाणार, असं शमिका म्हणाली. ती म्हणते ते करते. त्यांचीच मुलगी.

पहिल्या अटीसाठी कृष्णातने आपल्या आईचंच फंक्शन थोडं बदललं. नऊला ते जागं व्हायचं, कुणाचं उत्तर आलं नाही त्यांची यादी करायचं, आणि त्यांना आठवण पाठवायचं. दहाला पुन्हा जागं होऊन नव्याने बघायचं. तरीही उत्तर नसेल तर घरच्यांना आणि खाली पहारेकरी नागराजला निरोप. तिसऱ्या मजल्यावरचे दामोदर, वय एक्क्याऐंशी, तेही यात आले. ते पहाटे साडेपाचलाच ‘हो’ पाठवून मोकळे व्हायचे.

हेमलताबाईंचं तसं नव्हतं. नऊच्या आत हजेरी लावायला आपण काही शाळेत नाही. नऊला आठवण यायची, त्या शांतपणे चहा संपवायच्या, कप विसळायच्या, आणि नऊ वाजून चार-पाच मिनिटांनी ‘हो’ पाठवायच्या. एकदा घाईत तो ‘हो’ गॅस सिलिंडरवाल्याला गेला आणि तो खरंच सिलिंडर घेऊन आला. ही गंमत त्यांनी शमिकेला सांगितली. सांगायला नको होती.

दुसरी अट अवघड होती. त्यांच्या दाराचं कुलूप विद्याधरांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, कारखान्यात असताना स्वतः निवडून बसवलेलं. जाडजूड, साध्या दुकानात नक्कल न होणारी किल्ली. दुसरी किल्ली विद्याधरांच्या खिशात असायची, आणि सहा वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा दवाखान्यातून परत आलेल्या कपड्यांत ती नव्हती. कुणाच्या तरी हाती आपल्या घराची किल्ली आहे, असं हेमलताबाई सहा वर्षं मनात धरून होत्या. अशी किल्ली घासून देणारा एक कारागीर यलहंक्याला होता. नक्कल करून आणायला आपलीच एकमेव किल्ली कृष्णातच्या हाती द्यायची, हा निर्णय घ्यायला त्यांना दीड महिना लागला. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी त्यांनी ती दिली. शनिवारपर्यंत त्या इमारतीबाहेर पडणार नव्हत्या, आतून कडी पुरेशी होती. शनिवारी जातो, कृष्णात म्हणाला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी नऊ वाजून चार मिनिटांनी ‘हो’ पाठवला आणि कुंड्यांना पाणी घालायला बाल्कनीत गेल्या. फोन स्वयंपाकघरात. दहा-बारा मिनिटांत दारावर धडाधड. बाहेर नागराज, त्याच्या मागे दामोदर धापा टाकत, आणि दामोदरांच्या फोनवर शमिका रडवेली. उत्तर आलं नाही असा निरोप नागराजला आणि शमिकेला गेला होता, आणि शमिकेने दामोदरांना फोन केला होता. हेमलताबाईंनी तिघांनाही फैलावर घेतलं. मी उत्तर दिलं आहे. आणि दुसरी तपासणी दहाला होते ना, मग सव्वानऊलाच ही वरात कशाला?

कृष्णातला वर जाऊन विचारलं. त्याने लॅपटॉप उघडला, तो एक शब्द टाइप केला, ओळी पळाल्या. म्हणाला, बरोबर चालतंय की. तुमचं उत्तर नेटवर्कमुळे उशिरा पोचलं असेल. वेळेचं विचारलं तेव्हा तो जरा घुटमळला आणि म्हणाला, बघतो. शनिवारी तो हेच बघत बसला आणि यलहंका राहून गेलं. शनिवारी सकाळी पुन्हा तेच झालं, नागराज पुन्हा दारात.

रविवारी त्या कपडे काढायला गच्चीवर गेल्या, तेव्हा टाकीच्या मागून कृष्णातचा आवाज आला. फोनवर होता. “हो शमिकाताई, तासाचं दहा मिनिटं केलंय. नाही, अक्कांना नाही सांगितलं.”

हेमलताबाई कपडे तिथेच सोडून खाली आल्या. आता सगळं स्पष्ट होतं. मुलगी पुण्यातून आणि हा वरच्या मजल्यावरून, दोघं मिळून त्यांना विसरभोळी ठरवत होते. यंत्र याच्या हातात. कधी चालवायचं, कधी बिघडवायचं, निरोप कुणाला धाडायचा, सगळं याच्या मनावर. आपण तपासायला सांगितलं की मात्र ते शहाण्यासारखं वागतं. आणि घराची किल्लीही याच्याकडे. त्यांनी नागराजला वर पाठवून किल्ली परत मागवली. ती आल्यावर खिडकीच्या उजेडात तिचे दाते पाहिले, कुठे मेण लागलंय का, कुठे नवा ओरखडा आहे का. काही दिसलं नाही. न दिसण्यावरही त्यांचा विश्वास बसला नाही.

त्याच संध्याकाळी त्या तळमजल्यावर प्रतिमाकडे गेल्या. गच्चीची खोली प्रतिमाची. तुझा भाडेकरू म्हाताऱ्या बायकांवर पाळत ठेवतो, एवढं त्यांनी सांगितलं. प्रतिमाला चुलतबहिणीसाठी ती खोली हवीच होती. तिने फारसं काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी कृष्णातला पंधरा मार्चपर्यंत दुसरी जागा बघायला सांगितलं. असं का, ते त्यानेही विचारलं नाही.

निरोप जातच राहिले. रोज नाही, पण दोन दिवसांतून एकदा तरी. आता नागराज दार वाजवायचा नाही, खालूनच हाक मारून खात्री करायचा. शमिकेचा आवाज मात्र बदलला. ती रडेनाशी झाली, समजुतीने बोलायला लागली, आणि हेमलताबाईंना त्याचीच भीती वाटली. तू उत्तर पाठवतेस, मान्य आहे आई, पण कुठे पाठवतेस? सिलिंडरवाल्याला गेलं होतं ना? कृष्णात तर म्हणतो, सगळं बरोबर चाललंय. म्हणजे त्याच्या शब्दाला वजन होतं, यांच्या शब्दाला नव्हतं. फोनच्या पडद्याचा फोटो काढून पाठव, असं शमिका म्हणाली. तो कसा काढतात ते हेमलताबाईंना येत नव्हतं, आणि ज्याच्याकडून शिकायचं तोच संशयित. शमिकेने पाडव्याच्या आदल्या दिवसाचं तिकीट काढलं. येतानाचं एक, जातानाची दोन.

तेव्हा त्यांनी जुनी सवय बाहेर काढली. वही घेतली, रकाने आखले. आपण उत्तर किती वाजता दिलं, निरोप गेला की नाही. मुद्दाम वेळा बदलून पाहिल्या. तीन दिवस नऊच्या आत उत्तर दिलं, तिन्ही दिवस शांतता. सात दिवस नऊ ते नऊ वाजून दहा मिनिटांच्या मध्ये दिलं, त्यांतले पाच दिवस निरोप. दहा दिवसांची ती वही पाहिल्यावर आपण विसरत नाही, एवढं त्यांना तरी कळलं. विसरणाऱ्या माणसाच्या चुका इतक्या शिस्तीत पडत नाहीत. मग कुणाच्या पडतात? वही घेऊन त्या गच्चीवर गेल्या.

कृष्णात सामान बांधत होता. त्यांनी आधी फोनचा विषय काढला. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. शमिकाताईंनीच सांगितलं होतं, एक तास फार होतो, आई पडली असेल तर तासभर तशीच राहील, दहा मिनिटांनी बघ. आणि आईला सांगू नको, ती चिडेल.

“आणि तू नाही सांगितलंस.”

“नाही सांगितलं. ते चुकलं.”

इतक्या सरळ कबुलीची हेमलताबाईंना सवय नव्हती. त्यांनी ती तात्पुरती बाजूला ठेवली आणि वही पुढे केली. कृष्णातने रकाने वाचले, दोनदा वाचले. पण हे होणारच नाही, तो म्हणाला, मी रोज तपासतो.

“कसं तपासतोस? समज, नऊ वाजलेत आणि मी उत्तर दिलेलं नाही. दाखव.”

त्याने तो शब्द टाइप केला. ओळी पळाल्या, खाली यादी आली. यादीत हेमलता. बरोबर.

“आता नऊ-चार झाले. मी उत्तर दिलं. नऊ-दहाची तपासणी कर.”

त्याने उत्तराची नोंद घातली आणि पुन्हा तोच शब्द टाइप केला. गाठोडं बांधलं गेलं, पाठवलं गेलं, हाक मारली गेली. यादी रिकामी. “बघा. तुमचं नाव नाही.”

हेमलताबाई पडद्याकडे नाही, त्याच्या बोटांकडे बघत होत्या. “तू मध्ये काय केलंस?”

“काय केलं?”

“पुन्हा गाठोडं बांधून पाठवलंस. रोज सकाळी नऊ आणि नऊ-दहाच्या मध्ये पाठवतोस का?”

“नाही.”

“मग आत्ता कशाला पाठवलंस? आमच्याकडे एक पोरगी होती, दर मापाआधी भांडं चकचकीत धुवायची आणि म्हणायची, माझं माप कधी चुकत नाही. चुकत होतं ते भांडं न धुता वापरणाऱ्यांचं. तू धुवून तपासतोस. न धुता तपास.”

कृष्णातने पहिल्यापासून सुरुवात केली. नऊ वाजले, यादीत हेमलता. उत्तराची नोंद. आणि या वेळी तो सवयीचा शब्द न वापरता, क्लाउडवर जे आधीच होतं त्यालाच दुसऱ्यांदा हाक मारली.

यादीत हेमलता.

त्याने तीच हाक आणखी एकदा मारून पाहिली. खाली रस्त्यावर रिव्हर्स घेणाऱ्या गाडीची पिपाणी वाजत होती. मग त्याने सांगितलं. खोली काम संपल्या संपल्या बंद होत नाही. लगेच दुसरं गिऱ्हाईक आलं तर म्हणून मालक ती थोडा वेळ उघडी ठेवतो. यादी त्याने फंक्शनच्या आत न लिहिता वर, बाहेर लिहिली होती, म्हणजे खोलीतल्या टेबलावरच ठेवल्यासारखी. एका तासाने जाताना खोली बंद होऊन नवी मिळायची, यादी कोरी. नव्याने गाठोडं पाठवलं तरी खोली नवीच, म्हणून त्याच्या तपासणीत चूक कधी दिसली नाही. दहा मिनिटांनी जाताना बहुतेकदा तीच खोली, आणि टेबलावर नऊचीच यादी. ज्यांनी आधीच उत्तर दिलं त्यांना काही फरक पडत नव्हता. नऊ आणि नऊ-दहाच्या मध्ये उत्तर देणारं अख्ख्या इमारतीत एकच माणूस होतं.

“मी विचारलं होतं,” हेमलताबाई म्हणाल्या. “खोली झाडतं कोण.”

“विचारलं होतं. आणि मला हे माहीतही होतं, अक्का. नव्या पोरांना मीच शिकवतो.”

त्याने एक ओळ उचलून दोन ओळी खाली ठेवली. एवढंच? एवढंच. आपलं घर जायची वेळ आली ती एका ओळीच्या जागेमुळे, याचा हेमलताबाईंना फार अपमान वाटला. काहीतरी मोठं असायला हवं होतं. कारस्थान असतं तर निदान भांडता आलं असतं.

शमिकेला फोन त्यानेच लावला, स्पीकरवर. चूक माझी होती ताई, अक्का रोज उत्तर देत होत्या, त्यांनी वही ठेवली आहे, आणि चूकही त्यांनीच शोधली. पलीकडून शमिका म्हणाली, पाडव्याचं तिकीट रद्द करते. आणि थोडं थांबून, “पण किल्लीचं काय झालं?”

“नक्कल होतेय,” हेमलताबाई म्हणाल्या. किल्ली तेव्हा त्यांच्या पदराच्या गाठीत होती.

प्रतिमाकडे जाऊन, मी बोलले ते खोटं होतं, असं सांगायला हवं होतं. हेमलताबाई गेल्या, पण दोन दिवसांनी. तोवर चुलतबहिणीचं कपाट आलं होतं. कृष्णातने देवनहळ्ळीला एका नव्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, घर घेतलं, पुढे मोकळी जागा आहे, आईला एक म्हैस ठेवता येईल म्हणाला. त्याने एकदाही जाब विचारला नाही. न रागावणारा माणूस हेमलताबाईंना सगळ्यात संशयास्पद वाटे. याच्या मनात काय आहे, हे त्यांनी टेम्पोत सामान चढेपर्यंत ताडून पाहिलं.

निघताना तो दारात आला. “अक्का, वाटेत यलहंका लागतं. किल्ली द्या, करून पाठवतो.”

आज मला बाहेर जायचंय, त्या म्हणाल्या. मग रविवारी येतो, तुम्हाला घेऊनच जातो, कृष्णात म्हणाला. पहिल्या रविवारी त्याला ऑफिसचं काम निघालं. दुसऱ्या रविवारी तो यायला तयार होता, तेव्हा यांचे गुडघे दुखत होते, किंवा दुखतात असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या रविवारचा विषय कुणी काढलाच नाही. शमिकेने फोनवर विचारलं, तेव्हा हेमलताबाई म्हणाल्या, झाली नक्कल, कृष्णातकडे आहे. देवनहळ्ळी लांब आहे, पण माणूस भरवशाचा आहे. शमिकेने स्वभावाप्रमाणे कृष्णातला फोन करून खात्री केली. आणि कृष्णात, कुणी काही न सांगता, म्हणाला, आहे, माझ्या टेबलाच्या खणात आहे.

तेव्हाच ते पत्र लिहिलं गेलं.

खात्री करायला त्या एका मंगळवारी टॅक्सी करून यलहंक्याला गेल्या. जुन्या बाजारात कारागिराचं दुकान सापडलं. कन्नडात विचारलं, ही किल्ली फेब्रुवारीत कुणी आणली होती का? त्याने ती उलटसुलट केली, नखाने दाते मोजले. नाही. अशी किल्ली बारा वर्षांत हातात आलेली नाही, आली असती तर विसरलो नसतो. मग तो आपण होऊनच म्हणाला, एका तासात घासून देतो, बसा.

म्हणजे खण खोटा होता. कृष्णात शमिकेशी खोटं बोलला होता, आणि कुणासाठी, हे आता विचारायची गरज नव्हती. हेमलताबाई स्टुलावर बसल्या. कारागीर किल्ली घेऊन पडद्यामागे गेला. काहीतरी खणखणल्याचा आवाज यायला लागला. आत किती किल्ल्या तयार होतायत, एक की दोन, इथून दिसत नव्हतं. पाच मिनिटं त्या बसल्या. मग उठल्या, पडदा सारला, आणि किल्ली परत मागितली. कारागिराने नुसतंच जुन्या किल्लीचं माप घेतलं होतं. त्याने ती पुसून परत दिली.

पत्र खणात आहे, पाकीट अजून उघडंच. रोज सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी ‘हो’ जातो आणि नऊ-दहाला कुणाचाही फोन वाजत नाही. एखाद्या दिवशी ‘हो’ गेला नाही, तर निरोप चोख पोचेल, आणि नागराज रिकाम्या हाताने या दाराबाहेर येऊन उभा राहील.

परवा कृष्णातचा फोन आला. यल्लव्वा आली आहे, म्हैस मात्र अजून यायची आहे. मग म्हणाला, या रविवारी यलहंक्याला जाऊ या का अक्का?

“बघू की,” हेमलताबाई म्हणाल्या, आणि पाण्याचं विचारलं.